गादीकाम शिकायला जाताना

(मंचर येथे प्रौढांच्या रात्रवर्गात केलेले भाषण)



आज आपण बसण्याविषयी बोलणार आहोत. रिकामे बसण्याविषयी नव्हे हं! माणसे ज्या गादीवर, ज्या खुर्चीवर, ज्या गाडीच्या सीटवर बसतात, ती तयार करण्याच्या धंद्याविषयी.

वर्गातल्या तिघाचौघांनी मला एकच गोष्ट विचारली. "पोराला कुशनवाल्याच्या हाताखाली ठेवावं का? त्यात पुढं काही आहे का?" एका ताईंनी तर स्वतःसाठीच विचारले. त्यांच्या घरी शिलाई मशीन आहे. ब्लाउज शिवतात. पण दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर मशीन झाकून ठेवावे लागते. जाड कापडाचे काम शिकले तर जमेल का, असे त्या विचारतात. या प्रश्नांना हो किंवा नाही एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून आजचा तास त्यालाच देऊ.

पहिली गोष्ट नावाची. इंग्रजीत या सगळ्या धंद्याला अपहोल्स्टरी असे एकच नाव आहे. आपल्याकडे कामाप्रमाणे नाव बदलते. मोटारसायकलच्या सीटा शिवतो तो सीटवाला. सोफा करतो तो सोफावाला. गाद्या भरतो तो गादीवाला. कुणी रिक्षाचे हूड शिवतो. कुणी पाटीवर 'कुशन वर्क्स' असे लिहितो. नावे निराळी, पण मूळ काम एकच. आत सांगाडा असतो, मधे भरण असते, वर कापड असते. सांगाडा लाकडाचा किंवा लोखंडाचा. भरण कापसाचे, काथ्याचे किंवा फोमचे. कापड सुती, मखमली किंवा रेक्झिनचे. ही तिन्ही एकमेकांवर नीट बसवता आली की तो कारागीर.

धंदा तसा जुना आहे. पूर्वी आपल्या घरांत खुर्ची नव्हती. घोंगडी होती, सतरंजी होती. ज्याचे बरे चालले असेल त्याच्या ओसरीवर बैठक असे. गादी, लोड, तक्के. मग पिंजारी दारावर येई. त्याच्या धनुकलीच्या तातीचा टण् टण् आवाज गल्लीभर ऐकू जाई. गड्डा झालेला जुना कापूस तो पिंजून मोकळा करी, नव्या खोळीत भरी आणि दाभणाने टाके घालून देई. तो आवाज तुमच्यापैकी म्हाताऱ्या मंडळींनी ऐकला असेल.

पुढे मोटारी आल्या. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. त्या गाडीची बॉडी लाकडी होती आणि बसायच्या बाकांत काथ्या भरलेला होता. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडण्याचा धागा. मग काथ्या मागे पडला, फोम आला. कापडाच्या जागी रेक्झिन आले. पण वाकडी सुई, दाभण, कात्री आणि हातोडी ही हत्यारे तीच राहिली.

आता आपल्या भागाकडे पाहा. पुणे-नाशिक रस्त्याने मंचरहून निघा. कळंब, नारायणगाव, आळेफाटा असे जा, आणि या रस्त्यावर कोण कोण बसून चालले आहे ते पाहत जा. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते. त्या गाडीचा ड्रायव्हर रात्र रात्र एकाच सीटवर बसून असतो. सीट खचली की त्याची पाठ धरते. ट्रॅक्टरची सीट तर उन्हापावसात उघडी. दोन उन्हाळ्यांत रेक्झिन तडकते, मग फोम पाणी पितो, मग बसणाऱ्याची विजार ओली होते. मोटारसायकली किती आहेत ते मी सांगायला नको. आपल्या वर्गाच्या दारातच आता सात उभ्या आहेत. त्यांतल्या तीन सीटा फाटलेल्या आहेत. मी येतानाच मोजल्या.

आणखी गिऱ्हाइके आहेत. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. फड म्हटला की गाड्या आल्या, कनाती आल्या, पडदे आले. जाड कापड शिवणाऱ्याला हेही काम करता येते. २०१८ साली सरकारने जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन तालुका ठरवले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहायला माणसे येतात. ती जिथे मुक्काम करतात तिथे पलंग आला, गादी आली, जेवायच्या जागी बाके आली. शिवाय डॉक्टरांच्या दवाखान्यातले तपासायचे बाक आहे. न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची आहे. मंडपवाल्याच्या गाद्या आहेत.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग काय, सोन्याची खाण आहे! तसे नाही. तयार गादी आता प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुकानात येते. तयार सोफा पुण्याहून टेम्पोत येतो. गाडीचे तयार कव्हर मोबाइलवर मागवता येते. नव्या सोफ्याच्या धंद्यात गावातल्या कारागिराला कारखान्याशी टक्कर द्यावी लागते. माझे मत विचाराल तर आपल्या भागात दुरुस्तीचे काम जास्त भरवशाचे आहे. फाटलेली सीट कुणी कारखान्यात परत पाठवत नाही. ती चौकातल्या सीटवाल्याकडेच येते, आणि "आजच पाहिजे, बाजाराला जायचंय" म्हणून येते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हे काम शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे?

या धंद्यात तीन पायऱ्या आहेत. उसवणे, शिवणे आणि बेतणे.

नवा मुलगा कामाला लागला की त्याला जुनी सीट देतात. पिना काढ, खिळे काढ, कव्हर उसव. मुलाला वाटते, हे काय हमालीचे काम! पण नीट उसवणे ही मोठी शाळा आहे. जुने कव्हर म्हणजे जुन्या कारागिराने लिहून ठेवलेली वही. कोणता तुकडा कोणाला जोडला, दुमड कुठे घेतली, शिवणीला किती कापड सोडले, कोपऱ्याला चीर कुठे दिली, हे सगळे त्यात दिसते. म्हणून कव्हर ओरबाडून काढू नये. शिवण ब्लेडने उसवावी. प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करावी. वर कोणता, खाली कोणता, पुढची बाजू कोणती, ते लिहावे. तुम्हाला आता अक्षरे येतात. ती इथे कामाला येतात. खूण न करता उसवलेले कव्हर म्हणजे पाने सुटी झालेली पोथी.

दुसरी पायरी शिवण्याची. रेक्झिन जाड असते. त्यावर सुईचे भोक पडले की ते बुजत नाही. चुकीची शिवण उसवली तर भोकांची रांग तशीच दिसते. म्हणून सुती कापडावर हात बसल्याशिवाय रेक्झिनला हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घरातल्या हलक्या मशीनवर दोन पदर रेक्झिन ओढले जात नाही. त्याला जड मशीन लागते. दोरा नायलॉनचा, सुई जाड, टाका लांब. टाका बारीक घेतला तर कापड तिकिटासारखे टाक्यावरून फाटते.

तिसरी पायरी बेतण्याची, म्हणजे माप घेऊन कापड कापण्याची. सारा धंदा या पायरीवर उभा आहे. का, ते एका हिशेबाने सांगतो. पाट्या काढा.

समजा, सोफ्याची पाच कुशने करायची आहेत. प्रत्येक कुशन २४ इंच रुंद, २२ इंच खोल आणि ४ इंच जाड. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. शिवणीला प्रत्येक बाजूने अर्धा इंच धरला. मग वरचा तुकडा झाला २५ इंच बाय २३ इंच. खालचाही तेवढाच. भोवती फिरणारी पट्टी ५ इंच रुंद हवी. तिची लांबी चारी बाजू मिळून ९२ इंच, आणि जोडाला थोडी जास्त.

शिकाऊ मुलगा काय करतो? तो वरचा तुकडा कापतो. त्याच्या पुढे खालचा कापतो. २३ आणि २३ मिळून ४६ इंच. मग ५ इंचांच्या दोन आडव्या पट्ट्या काढतो. त्यांचे १० इंच. एका कुशनाला ५६ इंच कापड गेले. पाच कुशनांना २८० इंच. म्हणजे ७ मीटर ११ सेंटिमीटर.

जाणता कारागीर कात्री हातात घेण्याआधी कापड अंथरून बघतो. वरचा आणि खालचा तुकडा तो पन्ह्यात शेजारी शेजारी ठेवतो. २५ आणि २५ मिळून ५०. पन्हा ५४ चा. मावले! लांबी गेली फक्त २३ इंच. पट्ट्यांचे १० इंच. एकूण ३३ इंच. पाच कुशनांना १६५ इंच. म्हणजे सुमारे ४ मीटर १९ सेंटिमीटर.

दोघांत सुमारे २ मीटर ९० सेंटिमीटरांचा फरक पडला. समजा, कापड ३०० रुपये मीटर आहे. तर ८७० रुपये झाले. काम तेच, कुशने तीच, मेहनतही तेवढीच. पण एकाने ८७० रुपये कात्रीखाली घालवले. चेन आणि पायपिंग यांचे कापड वेगळे धरायचे, पण ते दोघांनाही सारखेच. मखमल असेल तर तिची लव एकाच दिशेला ठेवावी लागते. एक तुकडा उलटा लागला की एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात आणि गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते.

फोमचाही हिशेब असाच आहे. दुकानदार म्हणतो, हा ३२ चा, हा ४० चा. हा आकडा डेन्सिटीचा. ३२ म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचे वजन ३२ किलो. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ४ इंच जाड फोम घेतला, तर ३२ चा साधारण ५ किलो ४०० ग्रॅम भरला पाहिजे. ४० चा ६ किलो ८०० ग्रॅम. ४० चे पैसे देऊन काट्यावर साडेपाच किलो भरले, तर काय समजायचे ते समजा. बसायच्या जागेला दाट फोम हवा, पाठीला हलका चालतो. एवढे कळले तरी दुकानदार तुमच्याशी जपून बोलतो.

आता मघाचा प्रश्न. पोराला हाताखाली ठेवावे का?

मला एक तरुण ठाऊक आहे. डोंगराकडच्या वाडीतला. हातात कसब होते. एका दुकानात तो तीन वर्षे राहिला. दुकानाचे नाव सांगत नाही. पहिले वर्ष बिनपगारी, नंतर रोजचा चहा-वडापाव आणि थोडे पैसे. तीन वर्षांनी त्याला उसवायला उत्तम येत होते. शिवायलाही बरे येत होते. पण गिऱ्हाइकाचे कापड अंथरून कापायची वेळ आली, की उस्ताद त्याला रेक्झिन आणायला बाजारात पाठवी. दर वेळी! पुढे त्याने चुलत्याकडून पैसे घेऊन स्वतःचे दुकान मांडले. मशीन घेतले, पाटी लावली. काम आले. पण सोफ्याचे काम आले की तो कापड घेऊन दुसऱ्या कारागिराकडे जाई आणि कापून आणी. कापणारा निम्मी मजुरी घेई. दोन वर्षे हे असे चालले.

यात उस्तादाची बाजूही ऐकली पाहिजे. मी एकाला विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, मी शिकवतो. पोरगं शिकतं, आणि सहा महिन्यांत माझ्याच समोर टपरी टाकतं. माझंच गिऱ्हाईक, पन्नास रुपये कमी. मग मी कशाला शिकवू?" त्याचेही खोटे नाही. शिकवायला वेळ जातो. शिकताना पोरगा कापड बिघडवतो. ते नुकसान उस्तादाचे होते.

हे भांडण आजचे नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात नारदस्मृती नावाचा ग्रंथ आहे. त्यात कसब शिकणाऱ्या शिष्याबद्दल नियम आहेत. आचार्याच्या घरी किती काळ राहायचे, ते आधी ठरवावे. आचार्याने शिष्याला आपल्या घरी जेवू घालावे, कसब शिकवावे, दुसरे काम सांगू नये आणि मुलासारखे वागवावे. आणि शिष्याने काय करावे? तो लवकर शिकला, तरी ठरलेली मुदत त्याने पुरी करावी. तोवर त्याच्या कामाचे उत्पन्न आचार्याचे. पाहा, दोघांचीही सोय केली आहे. शिष्याला विद्या मिळते आणि गुरूचे नुकसान भरून निघते. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे येतात. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. लोक त्यांच्याकडे दानाचा पैसा ठेव म्हणून ठेवत. आपल्याच भागात कारागीर माणसाच्या शब्दाला इतके वजन होते.

आता कायदा काय म्हणतो? शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे. उमेदवाराशी लेखी करार झाला पाहिजे आणि तो सरकारकडे नोंदला पाहिजे. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन दिले पाहिजे. २०१९ सालच्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान ५,००० रुपये आणि दहावी झालेल्याला किमान ६,००० रुपये ठरले. हे दर सरकार बदलते, म्हणून करार करताना त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. उमेदवार किमान चौदा वर्षांचा असावा. धोक्याच्या कामाला अठरा. ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्याला उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसे असतील तर मालकाच्या मर्जीवर. आणि चौदाच्या आतले मूल दुकानात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे.  शाळा सुटल्यावर आपल्या घरच्या धंद्याला हात लावणे वेगळे, आणि शाळा सोडवून परक्या दुकानात पाठवणे वेगळे.

या हिशेबाने तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

एक वाट कारखान्याची. मंचरपासून तीसेक किलोमीटरवर चाकण आहे. तेथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत. गाडी आली की सीट आलीच. तेथे उमेदवारी मिळाली तर विद्यावेतन वेळेवर मिळते, प्रमाणपत्र मिळते, बसने जाऊन येऊन करता येते. पण तेथे कापड यंत्र कापते. एका माणसाला एकच शिवण देतात. वर्षभर तो तीच शिवण घालतो. नोकरी टिकली तर उत्तम. सुटली तर ती एक शिवण घेऊन गावात दुकान निघत नाही. शिवाय उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. हे आधीच विचारून घ्यावे, म्हणजे मागून रडू येत नाही.

दुसरी वाट वर्गाची. बहुतेक तालुक्यांत सरकारी आयटीआय आहे. सुतारकाम आणि शिवणकाम हे या धंद्याचे दोन पाय आहेत. ज्याला सुतारकाम येते त्याला सोफ्याचा सांगाडा दुसऱ्याकडून घ्यावा लागत नाही. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये यंदा कोणते वर्ग आहेत, ते पावसाळ्याआधी जाऊन फलकावर वाचावे. जे शाळेत फार शिकले नाहीत, त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान ही योजना आहे. निरक्षर आणि नवसाक्षर माणसांना धंदा शिकवण्यासाठीच ती काढली आहे. तिची सुरुवात मुंबईत वरळीला १९६७ साली श्रमिक विद्यापीठ या नावाने झाली. आदिवासी बंधुभगिनींनी घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात चौकशी करावी. आणि ज्यांना काम येते पण कागद नाही, त्यांच्या हातच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय सरकारने केली आहे.

तिसरी वाट उस्तादाच्या दुकानाची. आपल्या भागात बहुतेक कारागीर याच वाटेने तयार झाले. उसवण्यापासून गिऱ्हाइकाशी बोलण्यापर्यंत सगळे तेथे एका जागी दिसते. हंगाम कळतो. पावसाळ्याच्या तोंडावर हूड आणि ताडपत्र्या येतात, दिवाळीपूर्वी सोफे येतात, लग्नसराईत गाद्या येतात. उधारी कशी वसूल करायची तेही कळते, आणि ते कसब काही लहान नाही. टोमॅटोचा भाव पडला की सीटचे पैसे पुढच्या तोडणीवर जातात! मला स्वतःला हीच वाट जास्त उपयोगी वाटते, पण एका अटीवर. कात्री केव्हा हातात मिळणार, ते पहिल्या दिवशी ठरले पाहिजे. बहुतेक दुकानांत दोन किंवा तीनच माणसे असतात. तेथे १९६१ चा कायदा पोहोचत नाही. म्हणून आपणच लिहून घ्यायचे. ते कसे, ते शेवटी सांगतो.

ताईंच्या प्रश्नाला आता उत्तर देतो. होय, जमेल. जिला ब्लाउज बेतता येतो तिला बेतण्याचे निम्मे गणित आधीच येते. ब्लाउजला गोलाई असते, बाही असते. कुशन त्यापेक्षा सोपे. अडचण मशीनची आणि सवयीची आहे. सुरुवात कुशनच्या आणि गादीच्या खोळींपासून करावी. हे काम घरच्या मशीनवर होते. मंडपवाले, दवाखाने, मुक्कामाच्या जागा यांना खोळी लागतातच. मग जड मशीनचा विचार. सीटवाल्याच्या दुकानात बाई कशी बसणार, असे कुणी म्हणेल. बसू द्या म्हणावे! रेक्झिनला बाई की पुरुष ते कळत नाही. दोघी-तिघींनी मिळून काम घेतले तर जड मशीन एकीच्या माथी पडत नाही.

पैशाचे म्हणाल, तर २०१५ पासून मुद्रा कर्ज आहे. त्यातल्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. पी. एम. विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात अठरा धंदे आहेत. कुशनवाला किंवा गादीवाला हे नाव त्या यादीत नाही. पण शिंपी आहे, सुतार आहे. जो खरोखर शिंपीकाम किंवा सुतारकाम करतो त्याने त्या नावाने अर्ज करावा. शिकताना रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत त्यात ठरली आहे. अर्ज भरून देतो म्हणून मधला कुणी पैसे मागेल, त्याला आधी कागद दाखवायला सांगा. आता तुम्हाला वाचता येते.

एक धोक्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फोम फार लवकर पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. चिकटवायच्या सोल्यूशनची वाफही पेट घेते. दुकानात विडी नको, चुलीची ठिणगी नको, दार कोंडून काम नको. जुनी गादी फोडताना नाकातोंडावर फडके बांधावे. ती धूळ छातीत बसते. पोर जिथे शिकायला ठेवणार, तिथे बाहेर पडायचे दुसरे दार आहे का, हे आईबापांनी स्वतः जाऊन पाहावे.

आता ती चिठ्ठी. मी फळ्यावर लिहितो. तुम्ही वहीत उतरवा. रिकाम्या जागा आपापल्या भरा.

"आम्ही, शिकवणारे ………… आणि शिकणारा ………… (वय ……), दोघे ठरवतो की शिकण्याची मुदत दिनांक ………… पासून ………… पर्यंत राहील. कामाची वेळ सकाळी …… ते संध्याकाळी ……. आठवड्याची सुट्टी …………. पहिल्या सहा महिन्यांत दरमहा रुपये ……, पुढच्या सहा महिन्यांत रुपये ……, त्यानंतर रुपये ……. पहिल्या …… महिन्यांत उसवणे आणि भरण घालणे शिकवू. पुढच्या …… महिन्यांत शिवणे शिकवू. दिनांक ………… पासून बेतणे शिकवू. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर, मग मांजरपाटावर, मग गिऱ्हाइकाच्या कापडावर. शिकताना बिघडलेल्या कापडाचे पैसे शिकणाऱ्याकडून कापणार नाही. मुदत पुरी होण्याआधी शिकणारा काम सोडणार नाही. मुदत संपल्यावर …… महिने या दुकानापासून …… किलोमीटरच्या आत स्वतःचे दुकान काढणार नाही. सही …………. सही …………. साक्षीदार …………."

याच्या दोन प्रती करा. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. सही करण्याआधी मोठ्याने वाचा, दोघांनाही ऐकू जाईल असे. कुणी घाई केली, तर वही घरी घेऊन या. गुरुवारी वर्गात आपण सगळे मिळून ती पुन्हा वाचू.